खंडेनवमीला पुजलेला बेसबॉल

न खपलेला माल सेल लावून तरी काढता येतो. गिऱ्हाइकांच्या किश्श्यांचं काय करायचं? ते साठतच राहतात. आणि एखादा सांगायला घ्यावा तर पोत्याच्या शिवणीचं बरोबर टोक हाताला लागल्यासारखं होतं. सरसर सगळं उसवतं आणि पायाशी ढीग! परवा एकाने सहज विचारलं, "शेठ, तुम्हाला हा बेसबॉलचा नाद कुठून लागला?" झालं! चहा तीनदा गरम करावा लागला.

तर ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी मूळचा बार्शीचा, अडत दुकानात वाढलेला. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिकला दोनदा बसलो. थोरला भाऊ इंजिनियर, डेट्रॉइटला गाड्यांच्या कारखान्यात. त्याने मला आणि आईला बोलावून घेतलं आणि मी तिथल्याच नोव्हाय गावात किराणा दुकान टाकलं. एका बाजूला लाँड्री, दुसऱ्या बाजूला सॅलचं न्हाव्याचं दुकान, मधे आमची तूरडाळ.

इंग्रजीचा आनंदच होता. मग काउंटरवर रेडिओ ठेवला आणि बेसबॉलची कॉमेंटरी ऐकून शिकलो. भाषा आली, पण सूरही तोच आला! घाऊकवाल्याला फोन केला की मी होम रन, म्हणजे आपला छक्का, मारल्यासारखाच बोलायचो. एकदा पलीकडची बाई घाबरून म्हणाली, "सर, प्लीज शांत व्हा. दहा पोती तांदूळच पाहिजे ना तुम्हाला?"

*

वॉल्ट दुकानात आला तो स्कोअर विचारायला. कारखान्यातून रिटायर झालेला, सहा फुटी माणूस. गाडीतला रेडिओ ऐन आठव्या इनिंगला बंद पडला म्हणून पहिलं दार दिसलं त्यात घुसला. ते माझं निघालं.

त्याला स्कोअर सांगितला, तर तो तिथेच खांबासारखा उभा राहिला. आईला इंग्रजी येत नाही, बेसबॉल तर त्याहून नाही. पण एक माणूस उभ्याने ताटकळतोय आणि त्याच्या तोंडात काही नाही, हे तिला बघवेना. तिने तिच्या हातचे तिखट शेंगदाणे वाटीभर पुढे केले. वॉल्टने मूठभर एकदम तोंडात टाकले.

चेहरा टोमॅटो! डोळ्यांतून धारा! मी मनात म्हटलं, गेलं गिऱ्हाईक, आता वकिलाची नोटीस येणार. तेवढ्यात रेडिओवर एकच ओरडा झाला. आमच्या टीमच्या पोराने चेंडू स्टेडियमच्या पार लावला होता!

वॉल्टने डोळे पुसले आणि रिकामी वाटी आईपुढे धरली. "आणखी!"

त्या वर्षी आमची टीम जिंकत सुटली होती, सगळं शहर पिसाळलं होतं. वॉल्टचं म्हणणं, ही कामगिरी शेंगदाण्यांची! मी म्हणायचो, "अरे, आई बिनतिखटाचे करून देईल." तर म्हणायचा, "वेडा आहेस का? टीम हरवायची आहे?" सबंध सीझन तो रडत रडत खात होता आणि टीम जिंकत होती. आई त्याला वालचंद म्हणायची. "वालचंद मनाचा फार हळवा आहे हो," असं ती सगळ्यांना सांगायची.

*

वॉल्टच्या मागोमाग सॅल येऊन बसायला लागला. त्याच्या खुर्चीत गिऱ्हाईक नसलं की हा आमच्या तांदळाच्या पोत्यावर. दोघांची जुंपायची ती लहानपणच्या हिरोंवरून. वॉल्टचा देव म्हणजे म्यूल हॅरिगन नावाचा पिचर, आपल्या भाषेत बोलर. म्यूल म्हणजे खेचर! आपल्याकडे कुणाच्या देवाला खेचर म्हणून बघा. इथे ते कौतुकाने म्हणतात.

सॅलचा देव वेगळा, पीनट्स बेलुची. "काय चालायचा!" सॅल सांगायचा. "डावा पाय जरा ओढत, तोऱ्यात मैदानावर यायचा. आमच्या गल्लीतली झाडून सगळी पोरं तशी चालायची. मी तर शाळेत, चर्चमध्ये, सगळीकडे तसाच! आईने दोन डॉक्टर केले. तिसऱ्याने पायाला पट्टी लावायला सांगितली, तरी मी सोडलं नाही. चार वर्षं!"

"मग सुटलं कसं?" मी विचारलं.

सॅल पोत्याची शिवण चाचपायला लागला. वॉल्टने मात्र लगेच तोंड घातलं. "सांग ना आता! लाजतोस काय?"

"पीनट्सची मुलाखत आली पेपरात," सॅल म्हणाला. "त्या उन्हाळ्यात त्याच्या टाचेला गळू झालं होतं."

"गळू पंधरा दिवसांत बरं झालं," वॉल्ट टेबल बडवत म्हणाला, "आणि हा गाढव चार वर्षं लंगडला!"

*

गोखलेसाहेब आमच्याकडचे. पुण्याचे इंजिनियर, शनिवारी पोहे-डाळ न्यायला यायचे आणि दोन तास बसायचे. हे दोघे सारखे देव-देव करतात म्हटल्यावर त्यांनाही चेव आला. म्हणाले, "आमचापण एक होता. क्लबचा स्पिन बोलर, आम्ही त्याला दादा म्हणायचो. सुटीच्या दिवशी मैदानावर विकेटी काढायचा आणि बाकीचे दिवस पोस्टात खिडकीवर तिकिटं विकायचा."

"तिकिटं?" वॉल्टला हे पटेना. "हिरो तिकिटं विकत होता?"

"अहो, म्हणून तर मजा! बॉल वळवणारी ती बोटं जवळून बघायला आम्ही पोरं रोज रांगेत उभी राहायचो. एकेक पोस्टकार्ड घ्यायचं आणि बोटं बघायची. घरात पोस्टकार्डांचा हा गठ्ठा! वडील म्हणाले, कुणाला लिहितोस एवढं? घेतलीयस तर लिही आता! मी लिहिणार कुणाला? सगळी दादालाच लिहिली. पत्ता, पोस्ट ऑफिस, खिडकी नंबर दोन."

"उत्तर आलं?"

"आलं! एका ओळीचं. 'खिडकीवर गर्दी होते. मैदानावर भेटणे.'"

सॅल पोत्यावर आडवा पडून हसत होता. वॉल्ट हसला नाही. त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "भेटलास?"

"भेटलो ना. त्याने माझी बोटं अशी धरून बॉलवर ठेवली. अजून आठवतंय, हात गोंदाने चिकट होते त्याचे."

वॉल्टने टोपी परत डोक्यावर घातली. मग म्हणाला, "उद्या तुम्हाला एक वस्तू दाखवतो."

*

वस्तू म्हणजे बेसबॉल. जुना, पिवळा पडलेला, मोज्यात घालून आणलेला. त्यावर फिकट शाईत सही होती, म्यूल हॅरिगन. खाली चढती रेघ आणि रेघेखाली दोन ठिपके.

वॉल्ट नऊ वर्षांचा असताना झाडावरून पडला आणि पाय मोडला. सगळा उन्हाळा पलंगावर. त्याचे वडील फाउंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात होते. एका संध्याकाळी ते काळ्या हातांनी घरी आले आणि खिशातून हा बॉल काढला. "म्हणाले, स्टेडियमच्या दारात म्यूल भेटला. त्याला सांगितलं, माझा वॉल्टर आजारी आहे. त्याने तिथल्या तिथे सही करून दिली!"

सॅल खवचट. "म्यूल हॅरिगनने? अरे, तो मागच्या दाराने पळून जायचा! सही म्हणून कुणाला दिली नाही त्याने. तुझ्या बापानेच केली असेल!"

वॉल्ट असा लालभडक झाला, की त्याने शेंगदाणे खाल्लेत असं वाटावं. "माझ्या बापाबद्दल एक शब्द बोलू नकोस!" तो ओरडला. मी मधे पडलो नसतो तर त्या दिवशी एक न्हावी कमी झाला असता.

पण बॉल परत मोज्यात गेला नाही. सेमीफायनल सुरू होणार होती. वॉल्टने तो आमच्या रेडिओशेजारी ठेवला. "इथेच राहू दे, शेठ. बाबाही मॅच ऐकतील." आणि मला दम भरला, "जिवापलीकडे सांभाळायचा!"

मी छातीवर हात ठेवून हो म्हणालो.

*

आता पुढचं लक्ष देऊन ऐका. चूक माझी होती, आईची नाही.

खंडेनवमी आली. अडत दुकानातली आमची रीत, त्या दिवशी सगळ्या हत्यारांची पूजा. आईने सकाळी मांडामांड केली. तराजू, कात्री, पोती ओढायची ढकलगाडी, किंमत चिकटवायची गन. रेडिओलासुद्धा कुंकू! मग मला म्हणाली, "बाळ्या, हे गोल काय रे?"

मी दार उघडायच्या गडबडीत. म्हणालो, "ते वालचंदचं हत्यार!"

दहा मिनिटांनी येऊन बघतो तर ताम्हनात तांदळाची रास, राशीवर बॉल, बॉलवर कुंकवाचा टिळा आणि झेंडूचं फूल. आणि बॉल पांढराशुभ्र! आजच दुकानातून आणल्यासारखा!

"आई," मी बॉलकडे बोट दाखवलं, "हा एवढा स्वच्छ कसा झाला?"

"मळलेला कसा पुजायचा?" आई म्हणाली. "साबण लावून चांगला घासला. कुणी मेल्याने त्याच्यावर गिरगटून ठेवलं होतं. निघता निघेना, पण मी काढलंच!"

*

मी कपाळाला हात लावतोय तोवर वॉल्ट दारात! मी ताम्हनापुढे आडवा झालो.

"हे काय केलंत?" त्याने मान लांब करून विचारलं.

"पूजा," मी म्हणालो. "आमच्याकडे हत्याराला आज मान देतात."

वॉल्टने टोपी काढली. आईपुढे चक्क मान झुकवली. बॉल पूजेसाठी पुसलाय आणि सही खालच्या बाजूला आहे, तांदळात, असं त्याला वाटलं. आता सांगायचं, असं मी ठरवत होतो, तेवढ्यात मॅच सुरू झाली. आणि टीम अशी जिंकली म्हणता! धुव्वा!

वॉल्टने हुकूम सोडला. "फायनल संपेपर्यंत याला कुणी हात लावायचा नाही! फूलसुद्धा हलवायचं नाही!"

सॅल अर्ध्या तासात आपली कात्री आणि वस्तरा घेऊन हजर. "ममा, यांचंपण करा!" आईने काही न विचारता दोन्हींना हळदकुंकू लावलं. तिच्या मते या सगळ्या मंडळींत न्हावीच काय तो समजूतदार.

टीम फायनलला गेली. इथे फायनल एका मॅचची नसते, चांगली आठवडाभर चालते. रस्त्यावर हॉर्न, खिडक्यांना झेंडे, आणि मी एकेक दिवस मोजतोय! टीम जिंको नाहीतर हरो, शेवटी वॉल्ट बॉल उचलणार आणि बापाची एकुलती एक आठवण कोरी निघणार. मी आईला सगळं सांगितलं. संध्याकाळी कुकर लावता लावता म्हणाली, "ज्याची सही होती तो माणूस जिवंत आहे का?"

"आहे. म्हातारा झालाय."

"मग त्याच्याकडे जा की! इथे बसून काय कपाळ बडवतोस?"

*

देव पाठीशी असला की पेपरातली जाहिरातही दिसते. पलीकडच्या गावात गाड्यांच्या शोरूममध्ये म्यूल हॅरिगन येणार होता, सह्या द्यायला. नेमकी त्या दिवशी मॅच नव्हती. मी खेळाच्या दुकानातून नवा बॉल आणला, त्याला टिळा लावून राशीवर बसवला, फूल तेच ठेवलं आणि खरा बॉल घेऊन सुटलो.

शोरूममध्ये फुगे, फुकट हॉट डॉग आणि कोपऱ्यात टेबलामागे एक म्हातारा. हात सुपाएवढे. रांगेत तीन माणसं, त्यांतली दोन हॉट डॉगची.

माझा नंबर आला. म्यूलने बॉल हातात घेतला आणि दचकला. "हे रक्त आहे?"

"नाही सर, पूजा!" म्हणालो आणि सुरुवातीपासून सगळं सांगून टाकलं, त्याच कॉमेंटरीच्या सुरात. मोडका पाय, फाउंड्री, शेंगदाणे, साबण. म्यूल खोकला येईपर्यंत हसला. मग पेन उघडलं. "कुठे करू?"

"इथे, सर. पण होती तशीच पाहिजे. खाली चढती रेघ आणि दोन ठिपके."

पेन थांबलं.

"रेघ?"

"हो सर."

"ठिपके?"

"दोन."

म्यूलने चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "मित्रा, मी उभ्या आयुष्यात सहीखाली रेघ ओढलेली नाही. आणि त्या काळी मी फार लाजायचो. मागच्या दाराने पळायचो."

माझ्या पायाखालची फरशी सरकली. सॅल खरा निघाला होता! म्यूल कितीतरी वेळ बॉल हातात फिरवत राहिला. मागे एक फुगा फुटला तरी त्याने वर बघितलं नाही.

"काय काम करायचे म्हणालास त्याचे वडील?"

"फाउंड्रीत होते, सर. आता नाहीत."

म्यूलने गाडीची एक जाहिरात ओढली, उलटी केली आणि पेन माझ्यापुढे धरलं. "ती सही कशी होती, काढून दाखव."

इतके दिवस काउंटरवर डोळ्यांपुढे होती, मी काढली. त्याने खाली गिरवली. "रेघ जरा आणखी चढते, सर." त्याने परत काढली. "ठिपके एवढे लांब नाहीत." तिसऱ्यांदा जमली! मग जीभ दातांत धरून, शाळेतल्या पोरासारखी, त्याने ती बॉलवर उतरवली.

"माझ्या सहीसाठी एवढी मेहनत," पेनला टोपण लावत तो म्हणाला, "मी पहिल्यांदाच घेतली!"

येताना गाडीत मी एकच ठरवत होतो. साबणाचं वॉल्टला सांगायचं. रेघेचं मेलो तरी सांगायचं नाही. दुकानात आल्याआल्या खरा बॉल, सही खाली करून, परत राशीवर बसवला.

*

रविवारी फायनलची शेवटची मॅच. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. गोखलेसाहेब पोह्यांच्या खोक्यावर, वॉल्ट शेंगदाण्यांची वाटी घेऊन रडतोय, आई जपमाळ ओढतेय. सॅलच्या खुर्चीत एक गिऱ्हाईक अर्ध्या दाढीचं अडकलेलं, म्हणून तो दोन्ही दारांमधे येरझाऱ्या घालतोय. शेवटचा माणूस बाद झाला आणि काय सांगू! गोखलेसाहेबांनी मुठीने पोहे उधळले! पलीकडून ते अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक साबणासकट नाचत बाहेर! सॅल त्याला परत खुर्चीत बसवायला धावला.

आणि वॉल्टने बॉल उचलला. तांदूळ झटकले, उलटा केला.

दुकान भरलेलं, पण मला घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

"शेठ," तो हळू म्हणाला, "ही शाई नवी आहे."

मी आईकडे बघितलं. आईने मान हलवली, सांग म्हणून. मी साबणाचं सांगितलं, शोरूमचं सांगितलं. "पण म्यूलने स्वतःच्या हाताने केलीय, वॉल्ट! शपथ! होती तशीच्या तशी, तीनदा प्रॅक्टिस करून..."

जीभ चावली, पण शब्द निघून गेला होता.

"प्रॅक्टिस?" वॉल्ट म्हणाला. "स्वतःच्या सहीची?"

वॉल्टने अंगठा रेघेवरून फिरवला, मग एका ठिपक्यावर, मग दुसऱ्या.

"माझ्या शाळेच्या रिपोर्ट कार्डवर बाबा अशीच सही करायचे," तो म्हणाला. "हीच रेघ, हेच ठिपके. मी पहिल्याच दिवशी ओळखली होती, शेठ. पलंगावर पडल्या पडल्या."

आईला शब्द कळला नसेल, पण तिने पदर डोळ्याला लावला.

मग वॉल्ट एकदम उठला, बॉल डोक्यावर धरून दारात गेला आणि शेजारच्या दुकानाकडे तोंड करून अख्ख्या नोव्हायला ऐकू जाईल असा ओरडला,

"सॅल! ए सॅल! वस्तरा ठेव आणि इकडे ये! माझ्या बापाची सही जमायला म्यूल हॅरिगनला तीन वेळा गिरवावी लागली!"